सुखरूप असल्याचा निरोप

ती घटना आजही आठवली, की माझ्या डोळ्यांपुढे आधी येतात ते कणकेने भरलेले दोन हात. संध्याकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती, नाकाबंदीचे कर्मचारी बाहेर पडत होते आणि त्या गडबडीत एक बाई थेट ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. हातांवरची कणीक वाळून तडकली होती. अंमलदार टापटिपीचा माणूस. त्याने तिला बाहेरच्या नळावर हात धुऊन यायला सांगितले.

"हात ऱ्हाऊ द्या साहेब. आदी लिवून घ्या. माजी लेक नेली."

माझ्या निवृत्तीला तेव्हा फार वर्षे उरली नव्हती. नगरजवळच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. ही बाई केडगावातल्या एका खानावळीत पोळ्या लाटायची. तिची मुलगी नववीत शिकत होती. शाळा सुटल्यावर रस्त्याच्या वळणावर एक जीप थांबली, दोन माणसे उतरली आणि मुलीला आत ओढून निघून गेली, असे तिच्या मैत्रिणीने पळत येऊन खानावळीत सांगितले होते.

मुलगी गेल्याची तक्रार आली की प्रत्येक ठाण्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो. माझ्या एका शिपायाने तो विचारलाच, "कुणाशी बोलत-बिलत होती का मोबाईलवर? पळून गेली असेल."

बाईने त्याच्याकडे पाहिले. "ती कशाला पळून जाईल? आमी दोघी आदीच पळून आलोय."

शिपायाने मान खाली घातली. मी बाईला माझ्या खोलीत बसवले आणि महिला हवालदाराला जबाब लिहायला सांगितला.

बाईचे सासर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागात. नवरा-बायको दरवर्षी ऊसतोडीला जायचे, मुलगी गावात आजीपाशी राहून शाळा शिकायची. ज्यांना ऊसतोड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटा पुरुष म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम फारसा विचारत नाही. म्हणून हंगाम तोंडावर आला की टोळीतल्या पोरांची लग्ने घाईने उरकली जातात. नवरीच्या वयाची चौकशी कुणी करत नाही. या मुलीचेही लग्न टोळीतल्या एका तरुणाशी ठरवून टाकले होते. तिला नुकतेच पंधरावे लागले होते.

"मी सोता तिच्यायेवढी असताना मोळ्या उचलायला लागले, साहेब," बाई म्हणाली. "माज्या कमरंचं काय झालंय ते मलाच ठावं. म्हनलं, हिला न्हाई त्यात घालू देनार. तर मलाच मारलं."

लग्न जवळ आले तशी ती मुलीला घेऊन एसटीत बसली. तिचा एकुलता एक भाऊ श्रीगोंद्याकडे साखर कारखान्यात कामाला होता. त्यानेच केडगावात खोली पाहून दिली. शाळेत मुख्याध्यापकांना आणि वर्गशिक्षिकेला तिने सगळे खरे सांगितले आणि पाया पडून विनवले, की आम्ही इथे आहोत हे कुणाला कळू देऊ नका. त्या दोघांनी शब्द दिला. भाऊ, मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षिका सोडले तर या जगात कुणालाही त्यांचा ठावठिकाणा माहीत नव्हता.

"बापानेच नेली असेल तर अपहरण कसलं, साहेब?" माझा एक जुना हवालदार हळूच म्हणाला. कायद्याच्या दृष्टीने त्याचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. पण बाप जिला नेतो ती घरी पोहोचते की मांडवात, हा खरा प्रश्न होता. मी अल्पवयीन मुलीच्या अपहरणाचा गुन्हा दाखल करून घेतला आणि तपास स्वतःकडे ठेवला.

पहिली अडचण आली फोटोची. सगळ्या ठाण्यांना मुलीचे वर्णन आणि फोटो पाठवायचा तर आईकडे एकही फोटो नव्हता. भीतीपोटी तिने मोबाईलमधले सगळे पुसून टाकले होते. मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षिका ठाण्यात आले. शिक्षिका तिशीच्या आतल्या असाव्यात, डोळे रडून सुजलेले.

"माझ्याकडेही नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "आमचा पालकांचा ग्रुप आहे, त्यावर आम्ही रोज काही ना काही टाकतो. वर्गाचा फोटो काढायचा झाला की मी तिला कार्यालयात खडू आणायला पाठवायचे. तिलाही कळायचं. ती मुद्दाम सावकाश यायची."

तेव्हा मुख्याध्यापकांना हजेरीच्या ॲपची आठवण झाली. शाळेने त्या वर्षी कुठल्याशा कंपनीकडून ते घेतले होते. सकाळी आणि शाळा सुटताना शिक्षक मोबाईल धरतात, मुले एकेक करून समोर येतात आणि चेहरा ओळखून हजेरी लागते. त्यात तिचा फोटो होता. लगेच तो काढला आणि जिल्हाभर पाठवला. मी त्या यंत्राचे तोंडभर कौतुक केले. आमच्या ठाण्यालाही असे काही मिळायला हवे, असेसुद्धा बोलून गेलो.

बापाच्या गावी पथक पाठवले. घराला कुलूप. टोळी तोडीला गेलेली, कुठे गेली ते शेजाऱ्यांना नक्की सांगता येईना, किंवा सांगायचे नव्हते. बापाचा मोबाईल बंद. मुकादमाचाही बंद. आता एकच धागा उरला होता, तो म्हणजे यांचा पत्ता फोडला कुणी. ज्याने पत्ता दिला तो टोळीच्या संपर्कात असणार, असा आमचा साधा हिशोब.

बाईने क्षणभरही विचार केला नाही. "माज्या भावाबिगर कुनाला ठावं हुतं?"

भावाला बोलावून घेतले. कामाच्या खाकी कपड्यांतच आला. पोलीस ठाण्याच्या बाकावर दोन तऱ्हेची माणसे बसतात. काही खोटे बोलायचे ठरवून येतात, त्यांचे पाय हलत राहतात. काहींना आपल्यावर संशय आहे हेच उमगत नाही. हा दुसऱ्या तऱ्हेतला होता. मी विचारत गेलो, तो उत्तरे देत गेला. मेव्हण्याशी बोलणे झाले का? न्हाई. दारू पितोस का? सणासुदीला. दारूच्या नादात कुणाजवळ बोललास? तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आले आणि तो माझ्याकडे बघतच राहिला.

"साहेब, दाजी माज्या मागावर मानूस लावतील म्हनून मी भाऊबीजेला बी बहिनीकडं गेलो न्हाई. फोन सुदिक केला न्हाई. जन्मात पयल्यांदा बिनओवाळता राहिलो. आन् तुमी मला इचारता?"

दोघांना समोरासमोर विचारायचे म्हणून मी बहिणीला आत बोलावले. ती त्याच्या अंगावर धावूनच गेली. "तूच दावलंस! पोटच्या पोरावानी तुझ्यावर भरवसा टाकला आन् तू माजी लेक इकलीस!" महिला हवालदाराने तिला आवरले. मी भावाला जाऊ दिले. तो दारातून बाहेर पडताना वळून पाहील असे मला वाटले होते, पण त्याने पाहिले नाही.

नंतर शिक्षिकेचीही चौकशी केली, मुख्याध्यापकांचीही केली. शाळेतल्या बायकांनी आपसात कुजबुज सुरू केली. एकमेकांच्या डब्यातली भाजी खाणारी माणसे एकमेकांकडे चोरून बघू लागली. तपासात असे होतेच. घरफोडी असली तर नोकराचे नाव येते, आणि खरा चोर सापडला तरी त्या नोकराला पूर्वीसारखे कुणी वागवत नाही.

अशात राहात्याच्या बाजूने खबर आली. तिकडे रस्त्याकडेला पंक्चर काढणारा एक जण आमच्या एका हवालदाराच्या ओळखीचा होता. उसाचे ट्रॅक्टर त्याच्या टपरीवर थांबायचे. तो म्हणाला, "एका टोळीत नवी नवरी आलीय. लई लहान दिसती. कुनाशी बोलत न्हाई. अंगावर कोरी साडी हाय आन् पायात शाळंचे बूट."

बुटांचे ऐकले आणि मी जेवणाचा डबा तसाच बंद केला. महिला कर्मचारी आणि बाल संरक्षण कक्षातल्या एक ताई यांना बरोबर घेऊन आम्ही निघालो.

उसाच्या फडाच्या कडेला टोळीच्या कोपी होत्या. कोपी म्हणजे चटई आणि पाचटाची खोपटी. आमची गाडी दिसताच कामे थांबली. मुलगी वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करून पेंढी बांधत होती. गळ्यात नवे मंगळसूत्र, हातांवर पाचटाचे ओरखडे आणि पायात खरोखरच काळे बूट. खाकी वर्दी पाहून ती आमच्याकडे आली नाही, उभ्या उसात शिरू लागली. आमच्या महिला हवालदाराने साद घातली, "अगं, तुझ्या आईनं पाठवलंय आमाला!" तेव्हा ती थांबली.

जवळ आल्यावर तिने आई कशी आहे हे विचारले नाही, घरी कधी जायचे हेही विचारले नाही. म्हणाली, "मी कुनाला सांगितलं न्हाई. आईला सांगा. मी कुनालाच काय बोलले न्हवते."

एवढे दिवस त्या पोरीने फडात मोळ्या उचलता उचलता हाच विचार केला होता, की आपल्याच तोंडून काही निसटले असे आई समजत असेल. माझ्या दोन मुली आहेत. मी गाडीकडे जातो असे सांगून बाजूला झालो, कारण मला माझे तोंड कुणाला दाखवायचे नव्हते.

मुलीचा बाप, नवरा मुलगा, त्याचे वडील आणि मुकादम यांना ताब्यात घेतले. बालविवाह प्रतिबंधक कायद्याची कलमे वाढवली. बापाला दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यापुढे बसवले. काटक, काळा, हातांना घट्टे. तो आडदांड असेल अशी माझी कल्पना होती. तो खुर्चीवर बसायलाही तयार नव्हता.

"पत्ता कुणी दिला?" मी विचारले.

मी आवाज चढवला. मेव्हण्याचे नाव घेतले, त्याने मान हलवली. शिक्षिकेबद्दल विचारले, त्याला कोण ते कळेना. मला वाटले, गडी पक्का आहे. बराच वेळ असा गेल्यावर तो कंटाळून म्हणाला, "सायेब, तुमी पुन्ना पुन्ना 'कुनी दिला, कुनी दिला' काय इचारता? कुनी म्हंजे? शाळंनंच की."

"शाळेने? शाळेतल्या कुणी?"

"ते मला काय ठावं? रोज मेसेज यायचा. मला वाचाया येत न्हाई. आदी वाटलं, रिचार्ज संपल्याचा हाय. मग टोळीतल्या एकानं वाचून दावला."

त्याचा मोबाईल जप्त मुद्देमालात होता. मी तो आणून चालू करायला लावला. चालू होताच तो टेबलावर थरथरू लागला. बंद असतानाचे निरोप एकामागून एक येऊ लागले. 'आपला पाल्य आज शाळेत गैरहजर आहे. कृपया कारण कळवावे.' परत तेच. परत तेच. मुलगी शेजारच्या खोलीत बसून महिला हवालदाराने आणलेले पोहे खात होती, आणि तिच्या गैरहजेरीचे कारण बापाला विचारले जात होते.

त्यांच्या वरचे निरोप वाचले. 'आपला पाल्य शाळेत सुखरूप पोहोचला आहे.' खाली शाळेचे नाव, गाव, वेळ. दुपारनंतरचा निरोप, 'आपला पाल्य शाळेतून घरी निघाला आहे.' रोज सकाळी, रोज संध्याकाळी. मुलगी शाळेत दाखल झाल्यापासून एक दिवस चुकला नव्हता.

"बायको सांगून गेली न्हवती," बाप म्हणाला. "पोरगी जिती हाय का मेली कळत न्हवतं. मेसेज वाचून घेतला का जीव खाली पडायचा."

"मग तसेच राहू द्यायचे होते."

"तसंच ऱ्हाऊ दिलं हुतं की. पन हंगाम आला. मुकादम म्हनला, ठरल्याली जोडी कुटं हाय? सोयरे दारात बसले. भावकीत तोंड दावायची सोय ऱ्हायली न्हाई. मग सुटायच्या टायमाला जीप घिऊन गेलो. सुटल्याचा मेसेज आला आन् तिथंच उबे हुतो."

मी नोकरीत अनेकांचे कबुलीजबाब ऐकले. ते ऐकल्यावर सुटकेचा एक श्वास येतो. त्या दिवशी तो आला नाही.

तसाच शाळेत गेलो. वर्गशिक्षिकेला मोबाईल दाखवला. पहिला निरोप वाचतानाच त्यांचा चेहरा उतरला.

"नाव भरताना वडिलांचा नंबर मागत होतं, साहेब. आईचा भरला, तरी पुढे जाईना. सगळ्या वर्गाची माहिती पूर्ण दिसायला हवी म्हणून वरून रोज विचारणा होती. तिच्या आधीच्या शाळेच्या नोंदीतला नंबर आपोआप आला. मी नुसतं 'पुढे' दाबलं." मग स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "मी तिला खडू आणायला पाठवत होते हो. खडू आणायला."

कुंपणानेच शेत खावे तशातली गत. पण इथे कुंपणाचा तरी काय दोष काढावा? त्या बाईने एका दारावर जिवापाड पहारा दिला, आणि दुसरे दार आहे हे तिला कुणी सांगितलेच नव्हते.

मी कंपनीला फोन लावला. एक तरुण फार अदबीने बोलला. मुलांची माहिती आमच्याकडे पूर्ण सुरक्षित असते, असे त्याने मला पुन्हा पुन्हा सांगितले. वडिलांचा नंबर काढून टाका म्हणालो, तर म्हणाला, काढता येईल, पण त्यासाठी त्या नंबरवर ओटीपी येईल, तो पालकांनी द्यायचा. तो नंबर माझ्या मुद्देमालाच्या कपाटात सील होऊन पडला होता आणि तिथेच नव्या गैरहजेऱ्या गोळा करत होता.

या कंपनीला आरोपी करता येईल का, म्हणून मी सरकारी वकिलांचे मत घेतले. ते अनुभवी गृहस्थ. फाईल वाचून त्यांनी चष्मा काढला. "बापाला त्याच्या मुलीची खुशाली कळवणे, हा कोणत्या कलमाखाली गुन्हा होतो, सांगा." आरोपपत्रात बाप, नवरा, सासरा आणि मुकादम एवढेच आले.

भावाला ठाण्यात बोलावून, त्याच्यावर आता संशय नाही हे मी स्वतः सांगितले. बहीण माझ्या खोलीत होती. ती त्याच्या पायांवर डोके ठेवायला वाकली, त्याने तिला धरून उठवले.

"मी तुला कायबी म्हनत न्हाई, आक्का. लेकीपायी मानूस येडं हुतं," तो म्हणाला. "पन तुला पयलं माजंच नाव सुचलं."

त्या दोघांचे पुढे काय झाले ते मला माहीत नाही. पुढच्या भाऊबीजेला तो गेला असेल, असे मी मनाशी धरून चाललो आहे.

पोलिसाचे निम्मे आयुष्य खबऱ्यांवर चालते. मी शेकडो फितूर पाहिले. कुणी हेव्याने फुटतो, कुणी दारूसाठी, कुणी जुना दावा साधायला. त्याला धरता येते, तू असे का केलेस म्हणून विचारता येते, गावात त्याला मान खाली घालावी लागते. या केसमध्ये फितूर कुणीच नव्हता. भाऊ गप्प राहिला, शिक्षिका गप्प राहिल्या, मुख्याध्यापक गप्प राहिले, ती पोर तर मैत्रिणीपाशीही बोलली नाही. सगळ्यांनी शब्द पाळला आणि तरी मुलगी पकडून दिली गेली. आम्ही मात्र जे गप्प राहिले त्यांनाच एकेक करून बाकावर बसवले. पोलिसांना एखाद्यावर पाळत ठेवायची तर वरिष्ठांना कारण द्यावे लागते. शाळेत येणाऱ्या प्रत्येक लेकरावर तशी पाळत बसली आहे, तिला आपण काळजी म्हणतो, आणि ही काळजी कुणाच्या हातात पोहोचते हे विचारायला कुणी मोकळे नाही. मुलाला घरची माणसे असतात हे यंत्राला कळते. त्यातल्या कुणापासून मूल लपलेले आहे, हे त्याला कोण सांगणार?

मुलीला बालकल्याण समितीपुढे हजर केले. आईकडे ताबा देण्याचा आदेश झाला. नोंद पूर्ण करायची म्हणून तिथल्या कर्मचारी बाईंनी मोबाईल काढला आणि म्हणाल्या, "बाळा, इकडे बघ, एक फोटो घेऊ."

मुलीने मोबाईलकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. "साहेब, हा फोटो कुनाकुनाला जाईल?"

खोलीतली सगळी माणसे माझ्याकडे बघू लागली. 'कुणालाही नाही' हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. इतकी वर्षे मी घाबरलेल्या माणसांना असेच धीराचे दोन शब्द बोलत आलो होतो. त्या दिवशी बोलवेना, कारण ते खरे आहे की नाही हे मला माहीत नव्हते. समितीच्या बाईंनाही माहीत नव्हते.

तिने थोडी वाट पाहिली. मग उत्तर येत नाही असे पाहून तिने कपाळावरचे केस कानांमागे सारले, हनुवटी वर केली, डोळे मोठे उघडले आणि शाळेत रोज सकाळच्या हजेरीने लागलेल्या सवयीने जराही न हलता उभी राहिली.

फोटो एका झटक्यात चांगला आला.